गाव सुटलं की 'कर' लागतो

पैठणात 'पैठणकर' म्हणून कुणाची वेगळी ओळख पटायची नाही. तिथे सगळेच पैठणचे. परगावच्या बाजारात एका नावाचे दोघे उभे राहिले, की पेढीवरचा मुनीम वहीत एकापुढे 'पैठणकर' लिहून मोकळा होतो आणि नातवंडं तेच आडनाव लावतात. 'कर' म्हणजे त्या गावात नांदल्याची खूण, असं आपण समजतो. माझ्या मते ती बहुधा गाव सोडल्याची खूण आहे. इटलीतल्या 'रोमानो' आडनावाचंही तेच. त्याचा अर्थ रोमचा, आणि ही ओळख कामाला येते ती रोमबाहेर.

जे गावातच राहिले त्यांच्याकडे पाहा. वेरूळची पाटीलकी मालोजीराजांच्या घराण्यात होती, पण ते भोसलेच राहिले, वेरूळकर झाले नाहीत. एकनाथ महाराजांचे पैठणमधले वंशज गोसावी. गावच्या गावात माणूस ओळखला जातो तो कुळावरून किंवा कामावरून, म्हणून पाटील, कुलकर्णी, देशपांडे. याउलट मल्हारराव होळकर. मूळ गाव नीरेकाठचं होळ, पण वडील लवकर गेले आणि मल्हारराव वाढले खानदेशात तळोद्याला, मामाकडे. मास्टर दीनानाथ गोव्यातल्या मंगेशीचे. मंगेशकर म्हणून गाजले ते घाटावरच्या रंगभूमीवर.

यावर कुणी म्हणेल, निंबाळकरांचं निंबळक तर फलटणच्या शेजारीच, ते कुठे लांब गेले? पण अंतर किती याला महत्त्व नाही. वेस ओलांडली की पुरे. गागाभट्टांच्या उदाहरणाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्यांचे पूर्वज पैठणहून काशीला गेले, तरी १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला आले ते भट्टच, पैठणकर नव्हे. म्हणजे गाव सोडलं की 'कर' लागतोच असं नाही. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विद्येची पदवी चालत आली, त्याला गावाचं नाव कशाला हवं? माझा दावा उलट बाजूचा आहे: 'कर' दिसला, तर आधी स्थलांतर शोधा.

अशा आडनावाचं वयही थोडंफार काढता येतं. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे फतेहनगर झाली आणि १६५३ नंतर औरंगाबाद. तेव्हा 'औरंगाबादकर' हे आडनाव त्याआधीचं असूच शकत नाही. 'देवगिरीकर' मात्र फसवं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबाद केलं, म्हणून हे आडनाव त्याहून जुनं ठरवण्याची घाई नको. देवगिरी हे नाव लोकांच्या तोंडून कधी गेलंच नाही.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं २०२३ मध्ये, सरकारी अधिसूचनेने. औरंगाबादकरांची आडनावं तिने बदलली नाहीत. ज्याला बदलायचं असेल त्याने स्वतः अर्ज करून राजपत्रात छापून घ्यायचं.