फड व शाहीर
फड व शाहीर : लावण्या, पोवाडे इ. कवनांचे सादरीकरण करणाऱ्या कलावंतांचा संच म्हणजे फड आणि त्या संचासाठी कवने रचणारा, बहुधा स्वतःही ती गाणारा कवी म्हणजे शाहीर. ह्या दोहोंपैकी कोणाचा प्रभाव अधिक टिकला, हे पाहताना सोलापूर परिसरातील दोन उदाहरणे उद्‌बोधक ठरतात.

पहिले उदाहरण → राम जोशी (सु. १७६२–१८१२) ह्यांचे. सोलापूरच्या ब्राह्मण कुटुंबातील राम जोशी धोंडी ह्या तमासगिराच्या फडाकडे ओढले गेले व त्यावरून घरच्यांशी त्यांचे वितुष्ट आले. पुढे कीर्तनकार झाल्यावर त्यांनी मोरोपंतांच्या आर्या लोकप्रिय केल्या. धोंडीच्या फडाचे गायन त्या काळाबरोबर लोपले. राम जोशींचे संस्कृतप्रचुर शब्द मात्र मुखोद्‌गत परंपरेने व पुढे मुद्रणामुळे टिकले. पुण्याच्या → होनाजी बाळा ह्या जोडनावात रचनाकार होनाजी व गायक बाळा ह्या दोघांचीही स्मृती राहिली. तथापि कवने होनाजींची म्हणूनच अभ्यासिली जातात. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) व पवळा ह्यांच्या बाबतीतही तेच घडले.

विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणामुळे ही स्थिती पालटली. लोकशाहीर रामजोशी (१९४७) व अमर भूपाळी (१९५१) ह्या चित्रपटांना वसंत देसाई ह्यांनी संगीत दिले. शाहिरी परंपरेची आज सर्वसामान्य श्रोत्याच्या कानी असलेली छाया बऱ्याच अंशी ह्या चित्रपटसंगीताने घडविलेली आहे. अशा रीतीने शाहीर व फड ह्यांच्या जोडीस ध्वनीची योजना करणारा संगीत दिग्दर्शक हा तिसरा घटक आला.

पाश्चात्त्य रॉक संगीतात ह्याचे समांतर रूप आढळते. बीटल्स ह्या इंग्लिश वृंदाच्या ध्वनिमुद्रणांची निर्मिती १९६२ पासून प्रामुख्याने जॉर्ज मार्टिन (१९२६–२०१६) ह्यांनी केली. ‘यस्टरडे’ (१९६५) ह्या गीतास तंतुवाद्यांच्या चौकडीची साथ देण्याची कल्पना त्यांचीच. १९६६ मध्ये वृंदाने दौरे थांबविल्यावर ध्वनिमुद्रणगृह हेच जणू त्याचे रंगपीठ झाले. गीते वृंदाची असली, तरी ध्वनीच्या रचनेत निर्मात्याचा वाटा मोठा होता.

दुसरे उदाहरण बार्शीचे अमर शेख (१९१६–६९) ह्यांचे. त्यांनी अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर ह्यांच्यासमवेत १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेखांच्या बुलंद आवाजाने गावोगाव पोहोचली. येथे शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा व बळ संघाचे होते.

सारांश, फडाचा प्रभाव प्रत्यक्ष श्रोत्यांवर व तत्काळ होतो. रचनाकाराचा शब्दांतून पिढ्यानुपिढ्या चालतो, तर ध्वनियोजकाचा प्रभाव त्याचे नाव न जाणणाऱ्यांच्याही कानांत राहतो. ह्यांपैकी लेखणीचे श्रेय सहज नोंदले जाते. ढोलकीवाला, तुणतुणेवाला व झिलकरी ह्यांचे मात्र बहुधा नोंदीविनाच राहते. लोकसंगीताचा इतिहास लिहिताना ही उणीव ध्यानी घेणे आवश्यक आहे.