जीवाणू आणि प्राणवायू

मावळच्या डोंगरात उगम पावणारी पवना नदी थेरगाव येथे केजुबाईच्या बंधाऱ्यापाशी संथ होते आणि पुढे दापोडीजवळ मुळा नदीस मिळते. अशा संथ पाण्यात वस्तीचे वा कारखान्यांचे सांडपाणी साचले की ते काळवंडते, दुर्गंधी सुटते आणि मासे मरतात. त्यास दरवेळी विषारी द्रव्यच कारणीभूत असते असे नाही. पुष्कळदा मासे प्राणवायूअभावी गुदमरतात आणि तो संपविणारे असतात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू.

गरजेनुसार प्रकार

प्राणवायूवाचून जीवन नाही, या समजुतीस १८६१ मध्ये लुई पाश्चर यांनी धक्का दिला. हवेविना वाढणारे जीवाणू त्यांनी दाखवून दिले. प्राणवायूच्या वापरातून पेशीत काही घातक संयुगे तयार होतात. त्यांचा नाश करणारी विकरे ज्यांच्याजवळ पुरेशी असतात, ते जीवाणू हवेत तग धरतात.

क्षयाचे जीवाणू वायुजीवी होत. त्यांना प्राणवायू अत्यावश्यक असतो. धनुर्वाताचे जीवाणू अवायुजीवी असल्याने खोल, बंद जखमेत ते फोफावतात. आतड्यातील ई. कोलाय दोन्ही परिस्थितींत जगतो. जठरातील हेलिकोबॅक्टरला अल्प प्राणवायू लागतो. दह्यातील लॅक्टोबॅसिलस प्राणवायू वापरीत नाही, परंतु तो सहन करतो.

नदीत काय घडते?

२५ अंश सेल्सियस तापमानास एक लिटर स्वच्छ पाण्यात प्राणवायू जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. माशांसाठी तो किमान ४ मिलिग्रॅम असावा, असे मानक आहे. मैला हे वायुजीवी जीवाणूंचे खाद्य होय. ते मिळताच त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि हा तुटपुंजा साठा आटतो. मग अवायुजीवी जीवाणूंचे राज्य सुरू होते व कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात हीच क्रिया नियंत्रित रीतीने घडविली जाते. टाकीत यंत्राने हवा सोडून वायुजीवी जीवाणूंकडून घाण नदीत जाण्यापूर्वीच नष्ट केली जाते. हवा थांबली की काही तासांतच हे काम बिघडते. याउलट गोबर गॅस संयंत्रात हवा शिरू न देणे महत्त्वाचे असते. तेथील मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांना प्राणवायू मारक ठरतो.

बंद टाकीचा धोका

शौचालयाची बंद टाकी व गटाराचे भुयार येथेही अवायुजीवी क्रिया चालते. आत प्राणवायू अत्यल्प असतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. हा वायू अधिक प्रमाणात असल्यास घ्राणशक्तीच बधिर करतो. म्हणून वास येत नाही, यावरून टाकी सुरक्षित ठरत नाही. बेशुद्ध पडलेल्यास वाचविण्यासाठी आत उतरलेला दुसराही प्राणास मुकतो. संरक्षक साधनांविना माणसास अशा सफाईस लावणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. टाकी यंत्रानेच उपसली जाईल, याची दक्षता प्रत्येक ग्रामपंचायतीने घ्यावी आणि त्यामागील कारण शिक्षकांनी विद्यार्थ्यांस समजावून द्यावे.