मत कुणाचं, मैदान कुणाचं?

मुलांनो, तुमच्या घरात टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असतो? आजोबांच्या? मग सात वाजता बातम्या लागतात आणि तुमचा सामना जातो! तुम्ही चिडता, आजी मध्ये पडते आणि अर्ध्या तासाने भांडण मिटतं. पण असंच भांडण सगळ्या गावात झालं तर? सगळ्या देशात झालं तर? तेव्हा मध्ये पडणारी आजी कुठून आणायची?

आमच्या शाळेत असा एक प्रसंग घडला. तो आधी सांगते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा रस्त्याला लागून आहे. मैदानाची भिंत एका पावसाळ्यात पडली. तेव्हापासून मैदानातून गुरं जातात, मोटारसायकली जातात आणि चेंडू थेट रस्त्यावर जातो. चेंडूमागे मुलं! गावात आणखी एक मागणी होती. पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींना ऊन-पावसात बसायला एक शेड हवी होती. ग्रामपंचायतीकडे पैसे होते एकाच कामापुरते.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा भरली. मी पोरांना घेऊन मागे उभी होते. पुढे सगळी पांढरी टोपी आणि पांढरे केस. हात वर झाले आणि शेड मंजूर झाली. भिंतीचा विषय 'पुढच्या वेळी बघू' म्हणून राहिला.

परत येताना पाचवीतला एक मुलगा गप्प होता. शाळेच्या दारात आल्यावर म्हणाला, "बाई, आजोबा लोकांना मत आहे म्हणून त्यांचं ऐकलं. आम्हाला मत नाही म्हणून आमचं राहिलं. खरं ना?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुम्हाला आलं असतं?

मैदान बंद!

हा प्रश्न फक्त आमच्या गावाचा नाही. जपान हा देश तुम्हाला भूगोलात भेटतो. तिथल्या नागानो शहरात २००४ साली मुलांसाठी एक छोटं मैदान झालं. जवळच शाळा, पाळणाघर. मुलं खेळायला येत आणि खेळणारी मुलं काही कुजबुजत नाहीत! शेजारच्या एका घरातून आवाजाच्या तक्रारी येऊ लागल्या. वर्षानुवर्षं हे चाललं आणि शेवटी २०२३ साली ते मैदान बंद झालं. शहराने आणखीही कारणं सांगितली. पण देशभर वाद पेटला, की मोठ्यांच्या शांततेसाठी मुलांनी खेळायचंच नाही का?

आता दुसरी बाजू ऐका. त्याच जपानच्या राजधानीने, म्हणजे टोकियोने, २०१५ साली आपला नियम बदलला. गोंगाटाची जी मर्यादा ठरवली होती, तिच्यातून शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांचा आवाज वगळला. जर्मनीने तर २०११ सालीच तसा कायदा केला. मुलांचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा नव्हे, असं तिथे कायद्याने ठरवावं लागलं!

पालखी कोण उचलणार?

जपानमध्ये हा वाद एवढा का वाढला? कारण तिथे म्हातारी माणसं फार आणि मुलं थोडी. १९७० साली तिथे शंभर माणसांत ६५ वर्षांवरची सातच माणसं होती. आज ती जवळजवळ २९ आहेत.

१९७३ साली जपान सरकारने ७० वर्षांवरच्या लोकांना दवाखाना मोफत केला. तेव्हा ते सहज परवडत होतं. पण म्हातारी माणसं वाढत गेली, खर्च वाढत गेला आणि १९८३ पासून त्यांच्याकडूनही थोडे पैसे घ्यायला सुरुवात झाली. तिथल्या पेन्शनचंही असंच. आज जे काम करतात त्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळते. १९६५ साली एका वृद्धामागे कमावत्या वयाची नऊ माणसं होती. आता जेमतेम दोन.

हे समजायला आम्ही वर्गात एक खेळ केला. तुम्हीही गुरुजींना किंवा बाईंना विचारून करा. एक लाकडी बाक घ्या. तो नऊ जणांनी उचलायचा. कसा हलका लागतो! मग एकेकाने बाजूला व्हायचं. सहा जण, चार जण, शेवटी दोघंच. दोघांवर आलं की बाक लगेच खाली ठेवा, हट्ट करू नका! जपानी लोकही हाच दाखला देतात. त्यांच्याकडे जत्रेत आपल्यासारखीच देवाची पालखी निघते. ते म्हणतात, पूर्वी म्हाताऱ्यांची पालखी पुष्कळ जण मिळून नेत होतो, पुढे तर एकट्यानेच खांद्यावर बसवून न्यावं लागेल.

यात राजकारण कुठे आलं? मतपेटीत. जपानमध्ये २०१७ च्या निवडणुकीत साठीतल्या दर दहा माणसांपैकी सात जणांनी मत दिलं. विशीतल्या दर तीन तरुणांपैकी जेमतेम एकाने. आता तुम्हीच सांगा, पुढारी कुणाच्या दारात जास्त वेळा जाईल? तिथल्या लोकांनी अशा कारभाराला 'रुपेरी लोकशाही' असं नाव दिलं आहे. रुपेरी म्हणजे पांढऱ्या केसांची! तरुणांचा आवाज वाढावा म्हणून जपानने मताचं वय २० वरून १८ केलं. २०१६ साली देशाच्या निवडणुकीत १८ वर्षांच्या मुलामुलींनी पहिल्यांदा मत दिलं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे चित्र उलटं आहे. २०११ च्या जनगणनेत शंभर भारतीयांत साठ वर्षांवरची माणसं होती आठ-नऊ आणि पंधरा वर्षांखालची मुलं होती सुमारे ३१. म्हणजे आपण मुलंच जास्त! पण मत मोजायला बसलं की हे ३१ शून्य होतात.

आपल्याकडेही पूर्वी मत द्यायला २१ वर्षं पूर्ण व्हावी लागत. १९८९ पासून हे वय १८ झालं. निवडणुकीला उभं राहायचं तर ग्रामपंचायतीसाठी २१ आणि लोकसभेसाठी २५ वर्षं पूर्ण हवीत. गंमत अशी, की वयाची खालची अट आहे, वरची नाही! मोरारजी देसाई १९७७ साली पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. आणि दुसऱ्याच वर्षी शरद पवार ३८ व्या वर्षी आपल्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. वय मोठं म्हणून कारभार वाईट असं नाही आणि वय लहान म्हणून चांगला असंही नाही.

सरकारच्या तिजोरीतून दोघांनाही मिळतं. एसटीत ६५ वर्षांवरच्या माणसांना अर्धं तिकीट असतं आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास मोफत झाला. पण खेड्यातल्या मुलींनाही शाळेत जायला एसटीचा पास मोफत मिळतो. खिसा एकच. म्हणून ओढाताण होते.

माझी चूक

हे सगळं मी पोरांना सांगितलं आणि मनात म्हटलं, चला, उत्तर सापडलं. म्हाताऱ्यांकडे मत आहे, म्हणून पैसा त्यांच्याकडे जातो. पण मी चुकले होते. त्याच मुलाने मला दाखवून दिलं.

आमच्याकडची पुष्कळ माणसं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागला की परततात. त्या मुलाचे आई-वडीलही जातात. तो राहतो आजीपाशी. एकदा वहीचे पैसे का आणले नाहीस म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "बाई, आजीचा पगार झाला की आणतो."

आजीचा पगार म्हणजे काय, माहीत आहे? श्रावणबाळ योजनेची पेन्शन. ज्यांना कसला आधार नाही अशा ६५ वर्षांवरच्या गरीब माणसांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यातून त्या आजीचं औषध, घरातलं तेल-मीठ आणि नातवाची वही. कागदावर तो खर्च म्हाताऱ्यांवरचा. पण तो कुणाच्या दप्तरात गेला?

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पांढरे केसच का होते? कारण काळे केस उसाच्या फडात होते! तुमच्या आई-बाबांना मत आहे, पण त्या दिवशी ते गावात नव्हते. जपानचे तरुण घरी असून मत देत नाहीत. आमचे तरुण पोटासाठी घर सोडून गेलेले असतात. परिणाम मात्र सारखाच, जो हजर असतो त्याचं काम होतं.

१५ ऑगस्टची ग्रामसभा

मग आम्ही ठरवलं, विषय पुन्हा मांडायचा तो पावसाळ्यात, सगळी माणसं घरी असताना. गावाचा विकास आराखडा करताना मुलांची बालसभा घेता येते. ती आम्ही शाळेतच घेतली. मुलांनी मैदान पावलांनी मोजलं, भिंत किती हवी ते लिहिलं. एका मुलीने दिवसभरात मैदानातून किती मोटारसायकली गेल्या त्याची नोंद ठेवली. तो कागद ग्रामसेवकांकडे दिला.

१५ ऑगस्टला आई-वडीलही आले. तरीही एक तात्या उठले. म्हणाले, "आमच्या वेळी कुठं होती भिंत? आम्ही शिकलोच ना!" लोक हसले. मला वाटलं, गेली भिंत!

तेवढ्यात बायकांच्या बाजूने ती आजी उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "शेड बांधली ते बरं केलं. पण तिथं बसलं की समदा रस्ता दिसतो. लेकरू चेंडूमागं पळालं की माझा जीव ऱ्हात न्हाई. मला सावली दिली, आता त्याला भिंत द्या."

तात्या खाली बसले. भिंत आराखड्यात गेली. पूर्ण झाली का, विचाराल तर नाही. दोन बाजू झाल्या, रस्त्याकडची पहिली. मागची बाजू अजून उघडी आहे आणि गुरं अजून तिकडून येतात. मुलं दर ग्रामसभेला तिचं काय झालं म्हणून विचारतात.

तुम्ही काय कराल?

आज घरी गेलात की आजी-आजोबांना दोन प्रश्न विचारा. पहिला, "तुम्ही पहिल्यांदा मत दिलं तेव्हा तुमचं वय किती होतं?" उत्तर २१ च्या पुढे आलं, तर का ते तुम्हीच त्यांना सांगा! दुसरा, "गावात किंवा आपल्या गल्लीत माझ्यासाठी एक गोष्ट करायची तर तुम्ही काय मागाल?" आणि मग त्यांना काय हवं आहे, तेही विचारा. दोन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवा.

पालकांना एक विनंती. तुमच्या मुलांचं मत अजून काही वर्षं तुमच्याच हातात आहे. ग्रामसभेला जाता आलं तर जरूर जा आणि मुलांना बरोबर न्या. मागे उभी राहू देत, पण ऐकू देत.

त्या मुलाला मी आता उत्तर देऊ शकते. "तुला मत नाही म्हणून तुझं राहिलं, हे अर्धं खरं आहे रे बाळा. तुझ्या बाजूने बोलणारं त्या दिवशी कुणी उठलं नाही, हे उरलेलं अर्धं. आणि त्यात तुझ्या बाईही होत्या."