जुन्या पी. बी. रोडखालची जमीन

पुण्याहून येणारा महामार्ग कागल मागे टाकून कोगनोळीजवळ कर्नाटकात शिरतो. इकडे डिझेल स्वस्त असायचं तेव्हा कोल्हापूरकडचे ट्रकवाले सीमा ओलांडल्यावर टाकी भरून घेत, त्यामुळे या पट्ट्यात पंपांची दाटी आहे. पुढे निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर आणि मग बेळगाव. बेळगाव शहरातला जुना पी. बी. रोड, म्हणजे पुणे-बंगळूर रस्ता, आता महामार्ग राहिलेला नाही. लांब पल्ल्याची वाहतूक बाहेरून जाते. रस्ता रुंद झाला किंवा वळला की पंपही हलतात आणि मोकळ्या जागेवर गाळे, घरं उठतात. तिथली माती आणि पाणी तपासल्याशिवाय अशा जागेवर कुदळ पडू नये, असं मला ठामपणे वाटतं.

कारण बेळगाव हे विहिरींचं गाव आहे. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली गेली. ती काँग्रेस विहीर आजही आहे. १९९५ च्या टंचाईत शहराने जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला येत असलं, तरी उन्हाळ्यात आड आणि बोअर यांचाच आधार असतो.

पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. पोलाद गंजतं, नळीचा सांधा ढिला होतो. पंपावर रोज डीप घेतात, म्हणजे पट्टी बुडवून टाकीतलं इंधन मोजतात, पण थेंबाथेंबाने होणारी गळती उष्णतेने होणाऱ्या घटीत लपून जाते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाली झिरपून भूजलाच्या पातळीवर तरंगतं. त्यातलं बेंझिन मात्र पाण्यात विरघळतं. बेंझिनने कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे एक ग्रॅम बेंझिन एक लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. शिवाय २००० सालापूर्वीच्या पंपांवर शिसेयुक्त पेट्रोल विकलं जात होतं, तेव्हा तिथल्या मातीत शिसंही शोधायला हवं.

निपाणीकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत पुरलेल्या नळ्यांना ताण बसतो. बेळगावात जांभा आहे, सच्छिद्र. आणि खाली काळा पाषाण, ज्यात पाणी फटीफटीतून वाहतं. त्यामुळे पंपाला लागून असलेला आड चांगला निघेल आणि दोन गल्ल्या पलीकडची बोअर बिघडलेली असेल, असं होऊ शकतं. केवळ शेजारच्या पाण्याचा वास घेऊन निर्धास्त राहता येत नाही.

तपासाची सुरुवात माहितगारांपासून होते: टाक्या कुठे होत्या, मशिनं कुठे, नळ्या कुठून गेल्या. मग तिथे भोकं पाडून निरनिराळ्या खोलीची माती काचेच्या बंद बाटलीत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. उघडी ठेवली तर नेमकं जे शोधायचं तेच उडून जातं. भूजल कोणत्या दिशेने सरकतं हे कळण्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, त्याही एका ओळीत नसलेल्या. टाकी उकरून काढणं म्हणजे तपास नव्हे.

अमेरिकेने १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला. तेव्हापासून तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६५ लिटरपेक्षा जास्त इंधन सांडलं तर ते कळवणं आणि माती-पाणी शुद्ध करणं तेल कंपनीवर आलं. पण वर्षानुवर्षं चाललेली छोटी गळती ‘सांडलं’ या सदरात कोण मांडणार? सीमाभागात तर अडचण दुहेरी आहे. वेदगंगा, दूधगंगा महाराष्ट्रातून इकडे येतात, आणि प्रदूषण मंडळं दोन, कागदपत्रं दोन भाषांत.

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, त्यामुळे जाणकारांसाठी लांब जावं लागणार नाही. पी. बी. रोडवरच्या बंद पंपांची यादी करावी आणि भोवतालच्या आडांचे, बोअरचे नमुने वर्षातून दोनदा घ्यावेत: एकदा मेअखेरीस, एकदा पावसाळा सरल्यावर, कारण पाणी चढलं की मातीत अडकलेलं तेल पुन्हा हलतं.