चेताविज्ञानाचे पदवीशिक्षण : निर्णय अकरावीच्या उंबरठ्यावर

निफाड तालुक्याचे नाव निघाले की द्राक्षमळे, लासलगावची कांद्याची बाजारपेठ आणि हिवाळ्यात खाली उतरणारा पारा या गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची पहिली तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली, तीत रानडे होते. त्या पिढीपुढे विद्यापीठीय शिक्षणाची वाटच नवी होती. आज कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे महाविद्यालय निफाड गावातच आहे. तथापि काही नव्या विद्याशाखांच्या बाबतीत ग्रामीण विद्यार्थ्याची स्थिती आजही तशीच आहे. विषय ठाऊक असतो, त्याची वाट ठाऊक नसते. मेंदू व मज्जासंस्था यांचा अभ्यास करणारे चेताविज्ञान ही अशीच एक शाखा होय.

एखादी विद्यार्थिनी ‘मला मेंदूचा अभ्यास करावयाचा आहे’ असे म्हणाली, तर बहुतेक वडीलधाऱ्यांना एकच उत्तर सुचते : ‘मग डॉक्टर हो.’ हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. मेंदूच्या रोग्यावर उपचार करणे हे वैद्यकाचे काम. मेंदू मुळात कसा चालतो याचा शोध घेणे हे चेताविज्ञानाचे काम. दुसऱ्या कामाची वाट वैद्यकीय महाविद्यालयाबाहेरूनही जाते.

शास्त्र एक, शाखा अनेक

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या परस्परांना विद्युत्-संदेश व रासायनिक द्रव्ये यांच्या साहाय्याने निरोप देतात. साहजिकच या शास्त्राला जीवशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र यांचीही गरज लागते. हॉजकिन व हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग केले आणि विद्युत्-संदेश कसा निर्माण होतो हे १९५२ साली गणिती समीकरणांत मांडून दाखविले. या कार्यासाठी त्यांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. प्राण्याचा चेतातंतू आणि गणिताची वही या दोहोंवाचून हा शोध लागला नसता.

हे शास्त्र शेतापासून दूर नाही. कीटकनाशकांपैकी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांचा मोठा गट कीटकांच्या मज्जासंस्थेवरच घाव घालतो. चेतातंतूकडून पुढे निरोप पोहोचविणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य काम होताच एका विकराकडून नष्ट केले जाते. ही औषधे त्या विकराला निकामी करतात. निरोप थांबत नाही आणि कीटक मरतो. माणसाच्या शरीरातही हाच विकर असल्याने फवारणी करणाऱ्याच्या अंगात विष भिनल्यास घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि श्वास अडखळतो. ॲट्रोपिन हे औषध का दिले जाते, याचे उत्तरही याच साखळीत आहे. बागाईतदाराच्या मुलाला चेताविज्ञानाचा पहिला धडा द्राक्षबागेच्या बांधावरच देता येईल.

पदवीची दारे

‘चेताविज्ञान’ या नावाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे क्वचितच आढळते. परंतु दार एक नसले तरी वाटा अनेक आहेत. प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र अथवा मानसशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाची पदवी घेऊन पुढे या शास्त्राकडे वळता येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भावना व मानसिक ताण यांमागील मेंदूच्या यंत्रणेवर संशोधन करणाऱ्या प्रा. विदिता वैद्य यांचे पदवीशिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जीवशास्त्र व जीवरसायनशास्त्र या विषयांत झाले. त्यानंतर अमेरिकेतील येल विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. २०१५ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक देण्यात आले.

पुणे येथे २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर) ही दुसरी वाट होय. येथे बारावीनंतर पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व भौतिकशास्त्र या चारही विषयांवर प्रश्न असतात. पदवीनंतरच्या शिक्षण-संशोधनासाठी बंगळूरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था (निम्हान्स), तेथीलच भारतीय विज्ञान संस्था आणि हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र या नामांकित संस्था आहेत.

खरा निर्णय अकरावीत

अकरावीला विषय निवडताना ‘डॉक्टर व्हायचे, तर गणित कशाला?’ असे म्हणून गणित सोडले जाते; अभियंता होऊ पाहणारा जीवशास्त्र सोडतो. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, बहुधा शेजाऱ्याच्या मुलाचे पाहून घेतलेला हा निर्णय असतो. वैद्यकीय प्रवेश हुकला आणि गणितही सुटलेले असले, म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती थोडेच पर्याय उरतात. यास्तव विज्ञानाची खरी ओढ असलेल्या विद्यार्थ्याने शक्य तेथे गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय बारावीपर्यंत ठेवावेत. पदवीच्या काळात संख्याशास्त्र, संगणकाची एखादी भाषा आणि इंग्रजी शास्त्रीय लेख वाचण्याची सवय यांची जोड द्यावी.

एक पट्टी, एक प्रयोग

प्रयोगशाळा नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. एका विद्यार्थ्याने तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटे उघडी ठेवावीत व पट्टी सुटताच ती पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार मधला काळ सुमारे ०.२ सेकंद येतो. चेतातंतूतून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने गेला असे धरल्यास मेंदूपासून बोटांपर्यंतचे एक मीटर अंतर तोडण्यास केवळ ०.०२ सेकंद पुरतात. उरलेला काळ कोठे गेला? डोळ्याने प्रकाशाचे संदेशात रूपांतर करण्यात, मेंदूने अर्थ लावून निर्णय घेण्यात आणि स्नायू आकुंचन पावण्यात. दहा-दहा वेळा मोजून सरासरी काढली, सकाळच्या व सायंकाळच्या नोंदी ताडून पाहिल्या, की शास्त्रीय पद्धतीचा परिचय वर्गातच घडतो.

साहाय्य आणि जबाबदारी

बारावीत अग्रेसर ठरून मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने २००८ साली सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ कार्यक्रमात शिष्यवृत्तीची तरतूद करण्यात आली. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन विज्ञान अकादमींच्या सहकार्याने उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या देत आली आहे. त्या विद्यार्थ्यांप्रमाणेच शिक्षकांसाठीही असतात, ही गोष्ट महाविद्यालयीन शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. अर्जाच्या मुदती व अटी मात्र त्या त्या वर्षीच्या अधिकृत घोषणेवरून पडताळून घ्याव्यात.

दहावीचा निकाल लागताच शिक्षकांनी पालकांची एक सभा घ्यावी आणि विषय निवडण्यापूर्वी या वाटा त्यांच्यापुढे मांडाव्यात. ग्रामपंचायतीने अशा माहितीसाठी वाचनालयात एक फलक राखून ठेवावा. खर्च नाममात्र आहे. निफाडच्या एखाद्या वाडीवस्तीवरील मुलगी चेताविज्ञानाकडे वळेल की नाही, हे तिच्या बुद्धीवर व कष्टांवर अवलंबून राहील. पण ती वाट तिला वेळेवर दिसली नाही, असे होऊ न देणे हे मात्र आपल्या हाती आहे.