चिंचेपुढे तांब्याचा काळेपणा का टिकत नाही?

श्रावण आला की परळीत वैजनाथाच्या अभिषेकासाठी फडताळातले तांब्याचे तांबे बाहेर निघतात. वर्षभरात ते काळपट पडलेले असतात. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून जरा चोळलं की लालबुंद रंग उघडा पडतो. घासण्याच्या जोरापेक्षा इथे रसायनाचं काम मोठं.

हवेतला ऑक्सिजन तांब्याशी जोडला जातो आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. आधी तपकिरी, मग काळा. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. ही आम्लं ऑक्साइड विरघळवतात, पण खालच्या धातूला फारशी लागत नाहीत. चहात साखर विरघळते आणि चमचा तसाच राहतो, तसंच हे. मिठातला क्लोराइड सुट्या झालेल्या तांब्याला धरून ठेवतो, म्हणून मीठ घातलं की काम झपाट्याने होतं. नुसती चुलीतली राख तेलकटपणा काढते, खरवडून चकाकीही देते. ऑक्साइड मात्र ती विरघळवत नाही.

पितळेला जास्त जपावं. त्यात तांब्याबरोबर जस्त असतं. समई चिंचेत तासन्‌तास भिजत ठेवली तर जस्त आधी निघून जातं आणि पिवळ्या पितळेवर गुलाबी डाग उरतात. मिनिटा-दोन मिनिटांत चोळा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा. उरलेलं आम्ल आणि ओल हवेच्या मदतीने धातू पुन्हा खायला लागतात, मग हिरवट डाग येतात.

अशी आम्लं अन्नातही असतात, म्हणून कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी किंवा ताक मुळीच ठेवू नये.