रानातलं मटण: शिजलं म्हणून सुटलं नाही

हुपरीत गल्लोगल्ली चांदीचं काम चालतं, पण गावाबाहेरच्या शिवारात वर्ष मोजलं जातं ते उसावर. कारखान्याचा हंगाम लागला, कोयते चालू झाले की फडात दडलेली जनावरं बाहेर पडतात: ससा, रानमांजर, कोल्हा, कुठे रानडुक्कर. फडाचा शेवटचा तुकडा उरला की कुत्री घेऊन उभी राहणारी पोरंही कुठे कुठे असतातच. मग रात्री एखाद्या शेतावर चूल पेटते, पातेल्यात कांदा-लसूण चटणी पडते आणि गप्पांत जुन्या समजुती नव्यानं शिजतात.

त्यातली सर्वांत पक्की समजूत अशी, की बंदूक उडाली नाही म्हणजे ती शिकारच नव्हे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा असं मानत नाही. फास लावणं, वाघर टाकणं, विष घालणं, आमिष दाखवणं, जनावर हाकणं, कुत्री सोडून पाठलाग करणं हे सगळं शिकारीतच मोडतं. ससा निसटला तरी सुटका नाही, कारण नुसता प्रयत्नही गुन्हाच. डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब तर कायद्याच्या पलीकडचा उपद्व्याप आहे. तो डुकरानंच चावावा असा काही नेम नाही. वैरण खाणारी म्हैस किंवा राखणीचं कुत्रंही त्याला तोंड लावतं.

दुसरी समजूत खास स्वयंपाकघरातली: एकदा रस्सा झाला की पुरावा संपला. कायद्यातली ‘मांस’ या शब्दाची व्याख्या वाचणाऱ्याला घाम फुटेल. रक्त, हाडं, चरबी, कातडीसकट किंवा कातडीविना मांस, आणि तेही कच्चं असो वा शिजवलेलं, सगळं त्यात येतं. असा माल ताब्यात सापडला, तर तो बेकायदा नाही हे दाखवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडला त्याची. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षाही कडक झाली. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्यासाठी किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद, वर किमान 25,000 रुपये दंड. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. तिथं 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘डुकराला मारायची परवानगी आहे की!’ हे उत्तर ठरलेलं. ते अर्धं खरं आहे. पिकाची नासधूस करणारं जनावर मारण्याची लेखी परवानगी वन खात्याचा अधिकारी अटी घालून देऊ शकतो. पण अशा परवानगीनं मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता ठरतं. परवाना पीक वाचवण्याचा असतो, पंगत बसवण्याचा नव्हे.

‘आपल्याकडं शिकार महाराजांपासून चालत आलीय’ हाही लाडका युक्तिवाद. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटाची शिकार होत असे, हे खरंच. पण दाजीपूरचं जे रान संस्थानाचं शिकारीचं राखीव होतं, तेच 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. परंपरा सांगायचीच तर पुरती सांगावी.

आता तब्येतीचं. रानातलं म्हणजे औषध-फवारणी नसलेलं, म्हणून शुद्ध, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. रानातल्या जनावराची कत्तलीआधी कुणी पशुवैद्यक तपासणी करत नाही, एवढं मात्र सांगायचं राहतं. रानडुकराच्या स्नायूंत ट्रिकिनेला या जंताच्या अळ्या असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि वासानं कळत नाहीत. ताप, जुलाब, डोळ्यांभोवती सूज, अंग पिळवटून काढणाऱ्या वेदना ही त्यांची लक्षणं. उत्तराखंडात रानडुकराच्या जेवणानंतर अशी साथ आल्याची नोंद वैद्यकात आहे. मीठ लावून वाळवणं किंवा धूर देणं यावर विसंबता येत नाही. मांस आतपर्यंत किमान 71 अंश सेल्सिअस तापलं तरच ते सुरक्षित. रात्री घाईघाईत चुलीवर परतलेलं जाड तुकड्यांचं सुक्कं तिथवर पोचलं की नाही, हे बघायला कुणाकडं तापमापी असतो? घोरपडीच्या मटणानं सांधे सुधारतात, ताकद येते, यालाही वैद्यकीय आधार नाही.

मोबाइलवर अमेरिकेतल्या रॅकूनच्या पाककृती पाहून ‘हे तर आपलं उदमांजर’ म्हणणारेही भेटतात. दोघं वेगळ्या कुळांतले. रॅकून भारताच्या जंगलात नाही. अमेरिकेत परवाना आणि हंगाम पाळून त्याची शिकार होते. आर्कान्सामधल्या जिलेट गावी तर रॅकूनची वार्षिक पंगत उठते आणि राजकारणी तिथं हजेरी लावतात. उलट 1926 साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्याकडं सणाच्या जेवणासाठी आलेला रॅकून त्यांनी न कापता पाळला, नाव ठेवलं रिबेका. तिकडचा कायदा इकडं लागू होत नाही. उदमांजर इथं संरक्षित आहे. दक्षिण चीनमध्ये 2002-03 मध्ये सार्सची साथ पसरली, तेव्हा बाजारात खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच्याच एका भाऊबंदात तो विषाणू सापडला होता.

रस्त्यावर गाडीखाली मेलेला ससा उचलून घरी नेणं निरुपद्रवी वाटतं. तोही सरकारचा. हाती आला असेल तर 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडं कळवावं लागतं. फडात फास दिसला किंवा जखमी जनावर आढळलं, तर वन खात्याचा 1926 हा क्रमांक फिरवावा.